एनआरएचं वार्षिक प्रदर्शन: काय पारखावं, कसं पारखावं

अमेरिकेत बंदुकांची मोठी प्रदर्शनं बरीच भरतात, पण सामान्य हौशी माणसाला त्यातल्या सगळ्यांत प्रवेश नसतो. लास व्हेगासचा शॉट शो दर जानेवारीत होतो. १९७९ पासून चालत आलेला हा मेळा एनएसएसएफ ही उद्योगसंघटना भरवते आणि तो फक्त व्यापारी, उत्पादक, पत्रकार आणि पोलिस-लष्कराशी संबंधित लोकांसाठी असतो. गावोगावचे शनिवार-रविवारचे गन शो हे विक्रीचे बाजार: टेबलं लावलेली, भाव ठरवायचा, कागदपत्रं भरायची. नॅशनल रायफल असोसिएशनचा (एनआरए) वार्षिक मेळावा आणि प्रदर्शन या दोन्हींपेक्षा वेगळं आहे. बड्या उत्पादकांची दालनं शॉट शोसारखीच असतात, पण दार हौशी माणसासाठी उघडं असतं. संघटनेचा सदस्य आणि त्याचे जवळचे कुटुंबीय यांना प्रवेश मोफत.

१८७१ साली न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेल्या या संघटनेचा मेळावा दरवर्षी वेगळ्या शहरात, बहुधा एप्रिल-मे महिन्यात भरतो. २०२० आणि २०२१ ही दोन वर्षं कोविडमुळे रद्द झाली. त्यानंतर २०२२ ला ह्यूस्टन, २०२३ ला इंडियानापोलिस, २०२४ ला डॅलस, २०२५ ला अटलांटा असा क्रम झाला. प्रदर्शन शुक्रवार ते रविवार चालतं. हे परीक्षण त्या प्रदर्शनाचं आहे. राजकीय भाषणं, भोजनसमारंभ आणि लिलाव यांची तिकिटं आणि गर्दी वेगळी असते. ज्याला फक्त बंदुका आणि उपकरणं बघायची आहेत त्याने तिकडे फिरकलं नाही तरी काही बिघडत नाही.

सर्वांत आधी एक गैरसमज दूर व्हायला हवा. इथून बंदूक हातात घेऊन घरी जाता येत नाही. दालनात मांडलेल्या प्रत्येक बंदुकीची फायरिंग पिन (काडतुसावर आपटणारी सुई) काढलेली किंवा निकामी केलेली असते. मागणी नोंदवलीच तर ती बंदूक तुमच्या राज्यातल्या परवानाधारक विक्रेत्याकडे येते. तिथे ओळखपत्र दाखवायचं, ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरायचा, पार्श्वभूमी तपासणी व्हायची, मग ताबा. होल्स्टर, बॅगा, सुऱ्या, साफसफाईचं सामान अशा वस्तू काही दालनांत रोख मिळतात, पण भावासाठी एवढा प्रवास करण्यात अर्थ नाही. पाटीवरची किंमत ही उत्पादकाची सुचवलेली किंमत असते आणि दुकानात ती बहुतेकदा कमीच पडते.

मग या प्रदर्शनाचं मोल कशात आहे? एरवी सहा दुकानं पालथी घालूनही शेजारी-शेजारी हातात धरायला मिळणार नाहीत अशा बंदुका इथे एका दिवसात हाताळता येतात, आणि त्या घडवणाऱ्या कंपनीचा जाणकार माणूस समोर उभा असतो. पारखायची पद्धत ठाऊक असेल तर हे सोनं आहे. नसेल तर पायपीट होते आणि सात-आठ किलो माहितीपत्रकं हाती लागतात.

चाप तपासताना बहुतेकांची फसगत होते, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर. फायरिंग पिन निकामी करण्याच्या दोन पद्धती असतात. एकीत फक्त पिनचं टोक कापतात, स्प्रिंग आणि बाकीचे भाग जागेवरच राहतात. अशा बंदुकीचा चाप अगदी खऱ्यासारखा लागतो. दुसरीत आख्खी जोडणीच काढून ठेवतात. स्ट्रायकरवर (हातोड्याऐवजी स्प्रिंगने पुढे झेपावणाऱ्या पिनवर) चालणाऱ्या पिस्तुलात असं केलं तर चाप लुळा पडतो, कारण ग्लॉकसारख्या पिस्तुलांत चापाला जाणवणारा बराचसा प्रतिकार स्ट्रायकरच्या स्प्रिंगमधूनच येतो. बोल्ट रायफलीत परिणाम आणखी फसवा होतो. मॉसर धाटणीच्या रायफलीत बोल्टचा दांडा वर उचलताना मुख्य स्प्रिंग दाबली जाते. जोडणीच आत नसेल तर दांडा लोण्यातून सुरी फिरावी तसा उठतो आणि बघणारा म्हणतो, वा, काय गुळगुळीत बोल्ट आहे! ती गुळगुळीत जाणीव कारखान्यातून येणाऱ्या रायफलीत नसणार. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारायचा: ‘यात पिनचं टोक कापलंय की जोडणीच काढलीय?’ रिव्हॉल्व्हरमध्ये ही अडचण फारशी येत नाही, कारण पिन चौकटीत बसवलेली असेल तर ती काढल्यावरही हातोडा आणि चाप पूर्वीसारखेच चालतात.

दुसरी गोष्ट झिजेची. मांडलेल्या नमुन्याचा चाप तीन दिवसांत हजारो वेळा ओढला जातो. रविवारी दुपारी जो चाप रेशमासारखा वाटतो तो खोक्यातून काढलेल्या नव्या बंदुकीत तसा असेलच असं नाही. चापाची तुलना करायची असेल तर शुक्रवारी सकाळी करा. प्रत्येक बंदुकीचा चाप पाच वेळा ओढा आणि दर वेळी एकाच गोष्टीकडे लक्ष द्या: सुरुवातीचा ढिला प्रवास किती, त्यानंतर लागणारी भिंत स्पष्ट आहे का, भिंतीपासून सुटेपर्यंत चाप खरखरत सरकतो का, सुटल्यावर किती मागे जातो, आणि सोडताना पुन्हा पकडला गेल्याची टिचकी बोटाला जाणवते का. पाच ओढी, पाच नोंदी, फोनवर लगेच. तीन बंदुकांनंतर आठवणीवर विसंबलं की सगळे चाप एकसारखे भासायला लागतात.

बंदुका पोलादी तारेने टेबलाला बांधलेल्या असतात. तार आखूड असेल तर रायफल खांद्याला नीट लागत नाही, आणि लांब असली तरी तिचं वजन तोल बिघडवतं. तार नळीच्या बाजूला अडकवली असेल तर बंदूक पुढे जड वाटते, दस्त्याकडे असेल तर मागे. तोल जोखायचा असेल तर कर्मचाऱ्याला तार हाताने उचलून धरायला सांगा. लोक हे आनंदाने करतात.

शिष्टाचार इथे शोभेपुरते नाहीत. पिन काढलेली असली तरी नळी कोणाच्या अंगावरून फिरवायची नाही. दालनात चहूकडे माणसं असतात, म्हणून नळी छताकडे किंवा जमिनीकडे. हातात घेताच स्वतः चेंबर उघडून बघायचं, कर्मचाऱ्याने बघितलेलं असलं तरीही. चाप ओढण्याआधी विचारायचं. बारीक काम केलेल्या ‘१९११’ मॉडेलच्या पिस्तुलाची स्लाइड (वरचा सरकणारा भाग) रिकाम्या चेंबरवर धाडकन सोडायची नाही, हाताने पुढे न्यायची. तसं आपटल्याने चापाच्या घोटीव कडांना इजा होते, आणि दालनातला माणूस पुढे तुम्हाला दुसरं पिस्तूल दाखवताना हात आखडतो. दुनळी मोडून उघडली तर एका हाताच्या झटक्याने बंद करायची नाही. दोन्ही हातांनी, हळूच.

बंदूक आपल्या अंगाला कितपत बसते हे पाहायला प्रदर्शनासारखी दुसरी जागा नाही. रायफल किंवा शॉटगन घेताना डोळे मिटा, बंदूक खांद्याला लावा, गाल दस्त्यावर टेका आणि मगच डोळे उघडा. नजर आपोआप दर्शिकेच्या (नेम धरायच्या साधनाच्या) रेषेत आली तर दस्ता जुळतो. मान ताणावी किंवा दाबावी लागली तर नाही. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतची लांबी बहुतेक प्रौढांसाठी साडेतेरा ते साडेचौदा इंच असते, पण थंडीत जाड कोट घालून शिकार करणाऱ्याला अर्धा इंच कमी लागू शकतो. म्हणून ज्या कपड्यांत बंदूक वापरणार त्याच जाडीचा कोट बरोबर न्या. शॉटगनवर दोन मणी असतील तर पुढचा मणी मधल्या मण्यावर बसून इंग्रजी आठचा आकार दिसायला हवा. पिस्तुलासाठी कसोटी सोपी आहे: हात शक्य तितका वर धरल्यावर तर्जनीच्या पहिल्या पेराचा मध्य चापावर येतो का, आणि पकड न बदलता अंगठा स्लाइड रोखणाऱ्या खटक्यापर्यंत पोहोचतो का. मुठीच्या पाठीमागच्या बदलत्या पट्ट्या बहुतेक कंपन्या देतात, पण टेबलावर एकच बसवलेली असते. बाकीच्या मागून घ्या.

दुर्बिणींची दालनं आणखी वेळ देण्याजोगी. प्रदर्शनाच्या झगझगीत उजेडात प्रत्येक दुर्बीण चांगली दिसते. त्या उजेडात बाहुली दोन-तीन मिलिमीटरपर्यंत आकसलेली असते, त्यामुळे स्वस्त आणि महाग काचेतला खरा फरक, जो संध्याकाळी कळतो, तो इथे झाकला जातो. तरी काही गोष्टी नक्की तपासता येतात. छतावरचा एखादा प्रखर दिवा दृश्याच्या जरा बाहेर ठेवून बघा. आत धूसर पडदा पसरत असेल तर आतलं काळं लेपन किंवा काचेवरचा थर कमी प्रतीचा. वर्धन कमाल करा आणि डोळा मागे-पुढे, डावी-उजवीकडे हलवा. चित्र लगेच काळं पडत असेल तर मैदानात घाईच्या वेळी डोळा बसवताना त्रास होणार. रायफलीच्या दुर्बिणीत डोळ्याचं अंतर साधारण तीन ते चार इंच असतं, दणकट काडतुसासाठी हे अंतर जास्त हवं, नाहीतर भुवईला फटका बसतो.

दृष्टिभेद (पॅरॅलॅक्स: डोकं हलवलं की धागे लक्ष्यावरून सरकल्यासारखे दिसणं) तपासायला हॉलची लांबी कामी येते. पलीकडच्या टोकाच्या फलकावर आडवे-उभे धागे धरा, गुंडी त्या अंतरावर जुळवा, दुर्बीण स्थिर ठेवून डोकं हलवा. धागे फलकावर सरकले तर अजून जुळवणी बाकी आहे. गुंडी नसलेल्या दुर्बिणींत हे अंतर कारखान्यातच ठरवलेलं असतं, रायफलीसाठी बहुधा १०० यार्ड, .२२ साठी ५०. या दुर्बिणी जवळच्या फलकावर सरकताना दिसल्या तर तो दोष नव्हे. नेम हलवणाऱ्या बुरुजांचे टप्पे मोजून बघा: मिलरेडियन या कोनाच्या मापात एक टप्पा ०.१, म्हणजे १०० मीटरवर एक सेंटिमीटर. पाव एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) टप्पा १०० यार्डांवर सुमारे ०.२६ इंच. दहा टप्पे जाऊन दहा परत आलं की खूण शून्यावर बसते का ते दिसतं. आतले धागे खरोखर तेवढेच हलले का, हे मात्र फक्त मैदानात उंच लक्ष्यावर गोळ्या झाडूनच कळतं. दालनातला विक्रेता याबद्दल काहीही म्हणो, इथे ते सिद्ध होत नाही.

लाल ठिपक्याच्या दर्शिका घेणाऱ्यांसाठी तर हे प्रदर्शन अनमोल. डोळ्यात दृष्टिवैषम्य असेल तर ठिपका गोल न दिसता फुटलेल्या ताऱ्यासारखा किंवा स्वल्पविरामासारखा दिसतो, आणि घरी आणल्यावर माणूस वस्तूला दोष देतो. तपासणी दोन मिनिटांची आहे. ठिपक्याचा उजेड कमी करा, मग दर्शिका डोळ्यापुढे हळू फिरवा. पसरलेला आकार दर्शिकेबरोबर फिरला तर दोष वस्तूत, जागच्या जागी राहिला तर डोळ्यात. फोनचा कॅमेरा लावून फोटो काढला आणि त्यात ठिपका गोल आला तरी दोष डोळ्यातच. दोष डोळ्यात निघाला तर काचेवर खूण कोरलेल्या प्रिझम दर्शिका त्याच रांगेत मांडलेल्या असतात. त्या लगेच डोळ्याला लावून पाहा, बहुतेकांना तिथे स्वच्छ खूण दिसते.

सप्रेसरच्या (गोळीचा आवाज कमी करणाऱ्या, नळीच्या तोंडाला लावायच्या उपकरणाच्या) टेबलांभोवती अलीकडे गर्दी वाढली आहे आणि तिथे कायद्याविषयी अर्धवट माहिती फार पसरते. १९३४ च्या कायद्याने लागू असलेला २०० डॉलरचा कर सप्रेसरवर १ जानेवारी २०२६ पासून शून्य झाला, हे खरं. पण नोंदणी, बोटांचे ठसे आणि पार्श्वभूमी तपासणी सुटलेली नाही, आणि आठ राज्यांत सामान्य नागरिकाला सप्रेसर बाळगता येतच नाही. तांत्रिक बाजूने तीन प्रश्न पुरे: आपल्या नळीचे आटे कुठले (.२२३ ला बहुधा १/२-२८, .३०८ ला ५/८-२४), सप्रेसर लावल्यावर नेम किती आणि कुठल्या दिशेला हलतो, आणि अर्धस्वयंचलित बंदुकीत वायू तोंडावर किती उलटतो. तिसऱ्या प्रश्नावर टाळाटाळ झाली तर पुढच्या टेबलाकडे वळा.

होल्स्टर घेणाऱ्याने आपल्या पिस्तुलाचं मॉडेल, पिढी, नळीची लांबी, दिवा आणि दर्शिका कुठली हे सगळं लिहून न्यावं. दिव्यासह पिस्तुलाचं होल्स्टर दिव्याच्या आकारावर बेतलेलं असतं, म्हणून ‘ग्लॉक १९ साठी’ एवढं सांगणं पुरत नाही. आणि उभं राहून नव्हे, खुर्चीवर बसून तपासावं.

सगळ्यात दुर्लक्षित आणि माझ्या मते सगळ्यात समृद्ध कोपरा संग्राहकांच्या क्लबांचा. कंपन्यांच्या झगमगाटापासून दूर, काचेच्या पेट्यांत विषयवार मांडणी असते: एकाच कारखान्याच्या रिव्हॉल्व्हरचे टप्पे, एखाद्या लष्करी रायफलीच्या सगळ्या आवृत्त्या, सुटे भाग, खोकी, पत्रव्यवहार. उत्कृष्ट नगांना संघटनेची रौप्यपदकं मिळतात. पेटीजवळ उभा असलेला माणूस बहुधा तीस-चाळीस वर्षं तोच एक विषय अभ्यासत आलेला असतो आणि त्याला विचारणारे कमी भेटतात. विचारा: मूळ निळसर झिलई आणि नंतर केलेली झिलई ओळखायची कशी? उत्तर मिळेल की अक्षरांच्या कडा बघा. पुन्हा घासलेल्या लोखंडावर छापाच्या कडा मऊ होतात, स्क्रूची भोकं बशीसारखी पसरतात, सपाट भागांच्या धारा गोलावतात. हे ज्ञान पुस्तकात चित्रांसह असतं, पण खरा आणि घासलेला नग शेजारी ठेवून दाखवणारा माणूस इथेच भेटतो. १८९८ सालापर्यंत बनलेली बंदूक अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात ‘अँटिक’ धरली जाते, त्यामुळे तारीख ठरवणं हा इथे नुसता हौसेचा विषय राहत नाही. या कोपऱ्यासाठी किमान दोन तास राखून ठेवा.

व्याख्यानं आणि कार्यशाळा बऱ्याच असतात, खोल्या लहान पडतात. काडतुसं घरी भरण्याविषयी आणि राज्याराज्यांतल्या कायद्यांविषयी जे होतं त्याला वीस मिनिटं आधी जागा धरा. लहान मुलांसाठी हवेच्या बंदुकीची रेंज असते. नवशिक्याला पहिला नेम तिथे धरू द्यावा.

स्वतःचं पिस्तूल जवळ बाळगून येणाऱ्यांनी नियम दर वर्षी नव्याने वाचावेत. टेक्सास, जॉर्जिया आणि इंडियाना या तिन्ही राज्यांत आता परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं, टेक्सासमध्ये २०२१ पासून, बाकी दोहोंत २०२२ पासून. पण सभागृहात सीक्रेट सर्व्हिसचं संरक्षण असलेली व्यक्ती बोलणार असेल तर त्या जागेत शस्त्र चालत नाही. २०२२ ला ह्यूस्टनमध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या भाषणाच्या सभागृहात हेच झालं. तपासणीच्या रांगेत उभं राहिल्यावर पिस्तूल ठेवायला जागा शोधावी लागली तर अर्धा दिवस जातो. भाषण ऐकायचं असेल त्या दिवशी ते हॉटेलच्या तिजोरीत राहू द्या.

नोकरीच्या किंवा पर्यटनाच्या व्हिसावर अमेरिकेत असलेल्या आपल्या मंडळींनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एच-१बी, बी-१ अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर आलेल्यांना केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतूस बाळगायला बंदी आहे. काही अपवाद आहेत, त्यात वैध शिकार परवाना हा सर्वाधिक वापरला जाणारा. ग्रीन कार्डधारकांना ही अडचण नाही. दालनात मागणी नोंदवण्याच्या भरात आगाऊ पैसे भरून नंतर विक्रेत्याकडे अडकण्यापेक्षा हे आधीच वकिलाकडून समजून घ्यावं.

शनिवारी गर्दी सर्वांत जास्त. लोकप्रिय नव्या मॉडेलसमोर तेव्हा रांग लागते आणि हातात बंदूक दोन मिनिटंही राहत नाही. जानेवारीत शॉट शोमध्ये जाहीर झालेली मॉडेलं एप्रिलपर्यंत बहुधा कारखान्याच्या अंतिम रूपात आलेली असतात, हा या प्रदर्शनाचा मोठा फायदा. तरीही विचारून घ्या की समोरचा नग उत्पादनातला आहे की हाताने जुळवलेला नमुना. नमुन्याचा चाप आणि झिलई बरेचदा विकल्या जाणाऱ्या बंदुकीपेक्षा सरस असते. निघण्याआधी आयोजकांची दालनांची यादी आणि नकाशा बघा, कारण मोठ्या कंपन्यांपैकी कोण येणार हे दर वर्षी बदलतं. हवी असलेली कंपनीच यादीत नसेल तर प्रवास वाचतो. सिमेंटच्या जमिनीवर दिवसभर चालायचं असल्याने जुने, सवयीचे बूट घाला. माहितीपत्रक घेण्याऐवजी मॉडेल क्रमांकाच्या पाटीचा फोटो काढा.

परतीच्या विमानासाठी: रायफलीची दुर्बीण हातातल्या सामानात चालते, पण बोल्ट, फायरिंग पिन, मॅगझिन यांसारखे भाग फक्त चेक-इन सामानात जातात. बंदूक रिकामी, कडक कुलूपबंद पेटीत, काउंटरवर आधी सांगून. एरवी मैदानावर नेत असलेली पाठपिशवी प्रदर्शनाला आणली असेल तर तिचा प्रत्येक कप्पा उलटा करून झटका. तळाशी राहिलेलं एक काडतूस सुरक्षा तपासणीत विमान चुकवायला पुरतं. तीच पिशवी घेऊन भारतात यायचं असेल तर रिकाम्या काडतुसाची किल्लीसाखळीसुद्धा मागे ठेवा, कारण इथल्या विमानतळावर ती सापडली तर शस्त्र कायदा, १९५९ खाली चौकशीला सामोरं जावं लागू शकतं.